रंगमंचाकडून गीताकडे : ऑपेरा-गायक आणि जर्मन कलागीताची सार्वजनिक वाटचाल

प्रस्तावना

पाश्चात्त्य अभिजात कंठसंगीतात ऑपेरा आणि कलागीत हे दोन प्रमुख प्रवाह मानले जातात. ऑपेरात कथानक, अभिनय, वेशभूषा, नेपथ्य, वाद्यवृंद आणि समूहगान यांचा समवाय असतो. आपल्याकडील संगीत नाटकात गद्य संवादांच्या ओघात पदे येतात. ऑपेरात मात्र बहुतांशी संवादही गायिले जातात. कलागीताचा संसार याहून पुष्कळ लहान आहे. एक कविता, तिला स्वरबद्ध करणारा एक रचनाकार, एक गायक आणि एक पियानोवादक एवढ्यावर तो उभा असतो. जर्मन भाषेत त्यास 'लीड' अशी संज्ञा असून एकोणिसाव्या शतकात शूबर्ट, शूमान, ब्राम्स आणि हुगो वोल्फ यांनी हा प्रकार परिणत अवस्थेस नेला.

या दोन प्रवाहांकडे परस्परविरोधी म्हणून पाहण्याची प्रथा जुनी आहे. ऑपेरा म्हणजे भव्यता, प्रदर्शन आणि व्यवसाय. कलागीत म्हणजे अंतर्मुखता, काव्यनिष्ठा आणि घरगुती जिव्हाळा, अशी विभागणी केली जाते. या दृष्टीने पाहिल्यास कलागीत गाणारा ऑपेरा-गायक हा परक्या घरी आलेला पाहुणा ठरतो. इतिहासाची साक्ष मात्र निराळी आहे. दिवाणखान्यात जन्मलेल्या या गीताला सार्वजनिक व्यासपीठावर नेण्याचे, त्याची गीतचक्रे अखंड गाण्याचा पायंडा पाडण्याचे आणि युद्ध व विस्थापन यांच्या काळात ते जिवंत ठेवण्याचे कार्य मुख्यतः ऑपेरा-गायकांनीच केले. त्यांना या कार्यापासून आर्थिक लाभ फारसा नव्हता. मग ही ओढ कोठून निर्माण झाली, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात काही निवडक गायकांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे. विषयाची व्याप्ती लक्षात घेऊन विवेचन प्रामुख्याने जर्मन कलागीतापुरते मर्यादित ठेवले आहे.

फोगल आणि शूबर्ट

योहान मिखाएल फोगल (१७६८–१८४०) हे व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरातील नामवंत बॅरिटोन होते. बेटहोव्हेनच्या 'फिडेलिओ'चे अंतिम रूप १८१४ मध्ये रंगभूमीवर आले, त्या वेळी पिझारोची भूमिका त्यांनी केली होती. ग्लुकच्या 'टॉरिसमधील इफिजेनिया' या ऑपेरातील त्यांचा ओरेस्टेस सोळा वर्षांच्या फ्रान्झ शूबर्टने १८१३ मध्ये पाहिला आणि त्या गायनाचा त्याच्या मनावर खोल ठसा उमटला. १८१७ मध्ये मित्रांच्या मध्यस्थीने या दोघांची भेट झाली. फोगल तेव्हा पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. नाव, मान आणि वेतन या तिन्ही गोष्टी त्यांना प्राप्त झालेल्या होत्या. शूबर्ट वीस वर्षांचा होता आणि त्याची एकही गीतरचना स्वतंत्रपणे प्रसिद्ध झालेली नव्हती. अशा स्थितीत एका प्रस्थापित रंगकर्मीने या तरुणाची गीते घरोघरच्या बैठकींत गाण्यास आरंभ करावा, ही घटना व्यावसायिक हिशेबाने उलगडत नाही.

७ मार्च १८२१ रोजी व्हिएन्नाच्या कैर्न्टनरटोर नाट्यगृहात झालेल्या एका धर्मादाय कार्यक्रमात फोगल यांनी शूबर्टचे 'एर्लकोनिग' हे गीत गायिले. श्रोत्यांच्या आग्रहामुळे ते त्यांना पुन्हा गावे लागले. १८१५ मध्ये रचलेल्या या गीताला तोवर प्रकाशक मिळालेला नव्हता. मित्रांनी वर्गणी जमवून ते छापण्याची व्यवस्था केली होती आणि त्याच वर्षी ते शूबर्टची प्रथम क्रमांकाची कृती म्हणून प्रसिद्ध झाले. निवेदक, भयग्रस्त मूल, त्यास धीर देणारा पिता आणि भुरळ घालणारा अदृश्य राजा असे चार आवाज या एकाच गीतात एका कंठातून उमटावे लागतात. म्हणजे वेशभूषा आणि नेपथ्य वगळलेले ते एक लघुनाट्यच होय. फोगल यांच्यासारखा मुरलेला नट-गायक अशा रचनेकडे आकृष्ट झाला, यात आश्चर्य नाही.

१८१९, १८२३ आणि १८२५ या वर्षांच्या उन्हाळ्यात दोघांनी उत्तर ऑस्ट्रियात एकत्र प्रवास केला. वाटेत मठांमध्ये आणि स्नेह्यांच्या घरी मैफली होत. गायक आणि साथीदार त्या क्षणी जणू एकच होतात आणि श्रोत्यांना ही गोष्ट अगदी नवी वाटते, अशा आशयाचे शूबर्टने १८२५ मध्ये आपल्या भावास कळविले होते. केवळ स्वतःच्या रचनांचा असा एकच सार्वजनिक कार्यक्रम शूबर्टच्या वाट्यास आला. तो २६ मार्च १८२८ रोजी झाला आणि त्यातही फोगल गायिले.

या संबंधाची दुसरी बाजूही नोंदविणे आवश्यक आहे. फोगल गीते जशीच्या तशी गात नसत. जुन्या ऑपेरा-परंपरेस अनुसरून ते त्यांत हरकती व मुरक्या घालीत आणि काही ठिकाणी स्वररेषाही बदलीत. शूबर्टच्या मृत्यूनंतर १८३० मध्ये डियाबेल्ली यांनी काढलेल्या 'दी शोने म्युलरिन' या गीतचक्राच्या आवृत्तीत असे बदल शिरलेले आढळतात. पुढील काळातील शुद्धतावादी अभ्यासकांनी फोगल यांना याबद्दल दोष दिला. तथापि शूबर्टने त्यांची संगत अखेरपर्यंत सोडली नाही, ही वस्तुस्थिती आहे. लिखित संहिता अचल मानण्याची दृष्टी मुख्यतः नंतरच्या पिढ्यांची होय. ती १८२० च्या दशकातील गायकावर लादणे इतिहासदृष्ट्या उचित ठरणार नाही.

येथे एक विसंगतीही ध्यानात येते. सहाशेहून अधिक गीते रचणाऱ्या शूबर्टला स्वतःला यश हवे होते ते ऑपेरात. फोगल यांच्यासाठी त्याने जुळ्या भावांची दुहेरी भूमिका असलेली 'दी त्स्विलिंग्सब्र्यूडर' ही एकांकी रचना केली व ती १८२० मध्ये रंगभूमीवर आली, परंतु तिला टिकाऊ यश लाभले नाही. 'आल्फोन्सो उंड एस्ट्रेला' हा त्याचा मोठा ऑपेरा त्याच्या हयातीत रंगमंचावर आलाच नाही. तो १८५४ मध्ये लिस्ट यांनी वायमार येथे प्रथम सादर केला. रचनाकार ऑपेराकडे झेपावत होता आणि ऑपेरा-गायक त्याच्या गीतांकडे. इतिहासाने कौल दिला तो गायकाच्या निवडीला.

श्रोडर-डेव्हरिएन्ट आणि नूरी

शूबर्टची गीते त्याच्या मित्रांनी १८१६ मध्ये महाकवी गटे यांच्याकडे पाठविली होती. ती उत्तराविना परत आली. काव्याला आच्छादून न टाकणारी साधी चाल गटे यांना पसंत असे. १८३० मध्ये विल्हेल्मिन श्रोडर-डेव्हरिएन्ट (१८०४–१८६०) या पंचवीस वर्षांच्या सोप्रानोने वायमार येथे त्यांच्यासमोर 'एर्लकोनिग' गायिले. ही रचना पूर्वी आपणास रुचली नव्हती, पण अशा रीतीने गायिल्यावर तिचे संपूर्ण चित्र डोळ्यांपुढे उभे राहते, असा अभिप्राय ऐंशी वर्षांच्या कवीने दिला. स्वरलेखनाने न झालेले मतपरिवर्तन एका रंगभूमीवरील गायिकेने घडवून आणले.

श्रोडर-डेव्हरिएन्ट यांची कीर्ती १८२२ मधील 'फिडेलिओ'तील लेओनोरेपासून सर्वत्र पसरली होती. पुढे वाग्नर यांच्या 'रिएन्झी'तील आद्रियानो, 'फ्लाइंग डचमन'मधील सेंटा आणि 'टानहॉयझर'मधील व्हीनस या भूमिका प्रथम साकारण्याचा मान त्यांना मिळाला. त्यांचा आवाज निर्दोष नव्हता. सामर्थ्य होते ते शब्दोच्चारात आणि नाट्यात्म तीव्रतेत. शूमान यांनी हाइनेच्या कवितांवर १८४० मध्ये रचलेले 'डिख्टरलीबे' हे गीतचक्र १८४४ मध्ये प्रसिद्ध झाले, ते त्यांनाच अर्पण केलेले आहे. आज हे चक्र मुख्यतः पुरुष गायकांचे मानले जाते. त्याची अर्पणपत्रिका एका ऑपेरा-गायिकेच्या नावे आहे, याचे स्मरण क्वचितच ठेवले जाते.

पॅरिसमध्ये हेच कार्य टेनर आदॉल्फ नूरी (१८०२–१८३९) यांनी केले. रोसिनीचा 'गियोम तेल', मायरबेअरचे 'रोबेर ल दियाब्ल' व 'ले युग्नो' आणि आलेव्हीचा 'ला ज्वीव्ह' या ऑपेरांतील प्रमुख टेनर भूमिका सर्वप्रथम त्यांनी केल्या. कीर्तीच्या शिखरावर असतानाच १८३० च्या दशकाच्या मध्यास त्यांनी शूबर्टची गीते फ्रेंच भाषांतरांतून गाण्यास प्रारंभ केला आणि लिस्ट त्यांच्या साथीस बसत. पॅरिस ऑपेराने द्युप्रे या प्रतिस्पर्धी टेनरची नियुक्ती केल्यावर १८३७ मध्ये नूरी यांनी ती संस्था सोडली. इटलीत नवी गायनपद्धती आत्मसात करण्याच्या प्रयत्नात त्यांचे मन खचले आणि मार्च १८३९ मध्ये नेपल्स येथे त्यांनी आत्महत्या केली. त्यांचे शव फ्रान्समध्ये आणले जात असता मार्सेय येथील चर्चमध्ये झालेल्या प्रार्थनेत शोपँ यांनी ऑर्गनवर शूबर्टचेच एक गीत वाजविले. ऑपेराच्या व्यवसायात आवाजाची शैली बदलताच एक श्रेष्ठ गायक कसा बाजूस सारला जातो, हे नूरी यांच्या चरित्रातून दिसते. त्यांच्या निरोपाला मात्र ऑपेराचे संगीत निवडले गेले नाही.

श्टॉकहाउझन : अखंड गीतचक्राचा पायंडा

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गीतांची मैफल असा स्वतंत्र प्रकार रूढ नव्हता. कार्यक्रम संमिश्र असत. एखादे वाद्यवृंदाचे पूर्वसंगीत, एक ऑपेरातील पद, काही पियानोवादन आणि मध्येच दोनतीन गीते असा क्रम असे. ही चौकट मोडण्याचे श्रेय ज्यांना दिले पाहिजे, त्यांत बॅरिटोन युलिउस श्टॉकहाउझन (१८२६–१९०६) अग्रभागी येतात. मान्युएल गार्सिया या विख्यात गायनगुरूंचे ते शिष्य. मानहाइम येथे आणि पॅरिसच्या ऑपेरा-कॉमिकमध्ये त्यांनी भूमिका केल्या होत्या. १८५६ मध्ये व्हिएन्ना येथे त्यांनी 'दी शोने म्युलरिन'ची वीसही गीते एका सार्वजनिक कार्यक्रमात सलग गायिली. हे चक्र रचले गेले १८२३ मध्ये. त्याचे जाहीर अखंड गायन होण्यास तेहतीस वर्षे लोटावी लागली.

१८६१ मध्ये हॅम्बुर्ग येथे ब्राम्स यांच्या साथीने त्यांनी 'डिख्टरलीबे' संपूर्ण सादर केले. ब्राम्स यांनी आपली 'मागेलोने' गीते त्यांनाच अर्पण केली. एकेक गीत सुटे गाणे आणि संपूर्ण चक्र गाणे यांत मोठा फरक आहे. सुटे गीत हे एका भावाचे चित्र असते. चक्रात मात्र एक पात्र घडते, भ्रमात सापडते आणि विनाशाकडे किंवा शांततेकडे जाते. तासभर एकाच व्यक्तिरेखेचा धागा न तुटू देण्याची ही क्षमता श्टॉकहाउझन यांच्याजवळ आली, त्यात रंगभूमीवरील अनुभवाचा वाटा होता असे मानण्यास जागा आहे. पुढे व्हिएन्नाच्या दरबारी ऑपेरातील टेनर गुस्ताव वाल्टर यांनी केवळ शूबर्टच्या गीतांच्या मैफली लोकप्रिय केल्या आणि शतकाच्या अखेरीस 'लीडरआबेंड', म्हणजे गीतसंध्या, हा प्रकार जर्मन भाषिक शहरांत स्थिरावला.

ओढीची कारणमीमांसा

ऑपेरा-गायकास गीताकडे खेचणारी कारणे दोन्ही कलाप्रकारांच्या कार्यपद्धतीत शोधता येतात. पहिले कारण आवाजाशी निगडित आहे. मोठ्या ऑपेरागृहात गायकास ध्वनिवर्धकाविना सत्तरऐंशी वाद्यांच्या मेळापलीकडे पोहोचावे लागते. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३८०० आसने आहेत. यासाठी प्रशिक्षित गायक सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास आवाजातील ऊर्जा एकवटतो, कारण त्या पट्ट्यात वाद्यवृंदाचा जोर तुलनेने कमी असतो. या साधनेचे मोल म्हणून कुजबुजीइतक्या मंद स्वराचा आणि बारीक शब्दच्छटांचा पुष्कळसा त्याग करावा लागतो. लंडनचे १९०१ मध्ये उघडलेले विगमोर हॉल सुमारे साडेपाचशे आसनांचे आहे. तेथे पियानोच्या साथीने गाताना हा त्याग करण्याचे कारण उरत नाही.

दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. ऑपेरात गायकाची भूमिका त्याच्या आवाजाच्या जातीवरून ठरते. पट्टी रचनाकाराने निश्चित केलेली असते, लय संचालकाच्या हाती असते आणि हालचाल दिग्दर्शक ठरवितो. सोप्रानोस नायिका आणि बास गायकास राजा, पुरोहित अथवा खलपुरुष, ही वाटणी क्वचितच बदलते. गीतात मात्र पट्टी बदलून घेता येते. कोणती गीते, कोणत्या क्रमाने आणि कोणत्या लयीत गावीत हे गायक व पियानोवादक मिळून ठरवितात. स्त्री पुरुषाच्या तोंडचे गीत गाऊ शकते आणि तरुण गायक वृद्धाचे. उतरत्या वयात वरचे स्वर क्षीण झाले तरी पट्टी खाली आणून गाणे चालू ठेवता येते. सारांश, ऑपेरात गायक हा एका मोठ्या यंत्रणेचा घटक असतो आणि गीतात तो आपल्या कलेचा धनी होतो. फोगलपासून पुढील गायकांपर्यंत या ओढीचे मूळ या स्वाधीनतेत आहे, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

विस्थापन आणि युद्ध : लेहमान व फिशर-डीस्काऊ

या स्वाधीनतेची कसोटी विसाव्या शतकात लागली. लोटे लेहमान (१८८८–१९७६) या व्हिएन्ना ऑपेराच्या अग्रगण्य सोप्रानो होत्या. रिचर्ड स्ट्राऊस यांच्या 'आरिआडने'च्या १९१६ मधील सुधारित रूपातील संगीतकाराची आणि १९१९ मधील 'दी फ्राऊ ओने शाटेन'मधील रंगाऱ्याच्या पत्नीची भूमिका त्यांनी प्रथम केली. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझी जर्मनीत विलीन झाला आणि त्यांचे व्हिएन्नातील कार्यक्षेत्र संपुष्टात आले. अमेरिकेत त्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात गात राहिल्या, परंतु त्यांच्या उत्तरायुष्याचे केंद्र गीत हेच झाले. १९४०–४१ मध्ये पॉल उलानोव्हस्की यांच्या साथीने त्यांनी 'विंटररायझे'ची चोवीसही गीते ध्वनिमुद्रित केली. पुरुषाच्या मुखातील हे गीतचक्र संपूर्ण मुद्रित करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९४१ मध्येच ब्रूनो वाल्टर यांच्या साथीने त्यांनी 'डिख्टरलीबे'ही मुद्रित केले. वाल्टर हेही मायदेशास मुकलेले होते. ऑपेरागृह, वाद्यवृंद आणि भाषिक समाज या गोष्टी सीमेपार नेता येत नाहीत, परंतु गीत नेता येते. जर्मन ही शत्रूची भाषा ठरलेल्या काळात त्या भाषेतील काव्याची प्रतिष्ठा त्यांनी परभूमीवर राखली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या टाऊन हॉलमधील निरोपाच्या मैफलीत शूबर्टचे संगीतस्तुतीपर गीत गाताना अखेरचे शब्द त्यांच्या कंठातून उमटू शकले नाहीत. पुढे कॅलिफोर्नियातील सँटा बार्बरा येथे त्यांनी मर्लिन हॉर्न व ग्रेस बम्ब्री यांच्यासारख्या भावी ऑपेरा-गायिकांना मार्गदर्शन केले.

डीट्रिश फिशर-डीस्काऊ (१९२५–२०१२) यांच्या बाबतीत क्रम उलट दिसतो. जानेवारी १९४३ मध्ये बर्लिनमध्ये त्यांनी 'विंटररायझे' गायिले, तेव्हा हवाई हल्ल्यामुळे कार्यक्रम मध्येच थांबवावा लागला होता. इटलीत युद्धकैदी असताना ते सहकैद्यांसमोर गीते गात. १९४८ च्या आरंभी त्यांनी बर्लिनच्या आकाशवाणीसाठी हेच चक्र ध्वनिमुद्रित केले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात वेर्डीच्या 'डॉन कार्लोस'मधील पोझाच्या भूमिकेने ऑपेरात पदार्पण केले. १९६६ ते १९७२ या कालावधीत जेराल्ड मूर यांच्या साथीने त्यांनी पुरुषकंठास योग्य अशी शूबर्टची चारशेहून अधिक गीते मुद्रित केली. तरीही त्यांनी ऑपेरा सोडला नाही. १९७८ मध्ये म्युनिक येथे सादर झालेला आरिबेर्ट राइमान यांचा 'लिअर' हा ऑपेरा त्यांच्याच सूचनेतून निर्माण झाला. १९९२ च्या अखेरीस ते निवृत्त झाले.

आक्षेप आणि मर्यादा

उपरोक्त प्रतिपादनास दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की, ऑपेराशी नाममात्र संबंध असलेले थोर गीतगायकही झाले. एलेना गेरहार्ड यांनी तरुणपणी लाइपझिगमध्ये थोड्याशा भूमिका केल्या आणि नंतर गीतालाच वाहून घेतले. कॅथलीन फेरिअर (१९१२–१९५३) यांनी ग्लुकचा ऑर्फिअस आणि ब्रिटनची लुक्रेशिया एवढ्या दोनच भूमिका रंगमंचावर केल्या. ऑपेरा ही गीताची पूर्वअट आहे, असा दावा म्हणूनच करता येत नाही.

दुसरा आक्षेप सौंदर्यशास्त्रीय आहे. रोलाँ बार्थ यांनी १९७२ मध्ये लिहिलेल्या आवाजाच्या 'पोता'विषयीच्या प्रसिद्ध निबंधात फिशर-डीस्काऊ यांच्या गायनावर टीका केली. त्यात अभिव्यक्ती निर्दोष आहे, अर्थ पोहोचतो, परंतु देहाचा स्पर्श जाणवत नाही, असा त्यांचा रोख होता. त्यांनी आदर्श म्हणून पुढे केले ते शार्ल पांझेरा यांना. लक्षणीय बाब अशी की, पांझेरा हेही ऑपेरा-कॉमिकच्या रंगमंचावर देब्यूसीचा पेलेआस गायिलेले बॅरिटोन होते. म्हणजे बार्थ यांचा वाद ऑपेरा-गायकांच्या दोन घडणींमधला ठरतो. रंगमंच विरुद्ध दिवाणखाना हा जुना वाद त्यातून सिद्ध होत नाही.

समारोप

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. कलागीताची सार्वजनिक प्रतिष्ठा त्याच्या रचनेतील गुणांमुळे आपोआप प्राप्त झाली नाही. प्रत्येक टप्प्यावर कोणा गायकाने आपले नाव आणि कष्ट त्यासाठी खर्ची घातले. दुसरे असे की, या गायकांनी गीतात नाट्य आणले आणि त्याबरोबर काही अतिरेकही आणले. हा अतिरेक वगळून त्यांचे योगदान मात्र स्वीकारावे, अशी सोयीची विभागणी इतिहासलेखनास मान्य होण्यासारखी नाही. तिसरे असे की, ऑपेरा संस्थेवर जगतो आणि गीत व्यक्तीवर. त्यामुळे संस्था कोसळतात तेव्हा गीत टिकते. गायकाची आस्था आटली, तर मात्र त्यास दुसरा आधार राहत नाही.

या निष्कर्षाला आपल्या प्रदेशाच्या दृष्टीनेही अर्थ आहे. मुंबईचे रॉयल ऑपेरा हाऊस १९११ मध्ये सुरू झाले, १९९३ मध्ये बंद पडले आणि २०१६ मध्ये पुन्हा उघडले. या पुनरारंभाच्या कार्यक्रमात गायिलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ यांचा जन्म मुंबईचा व कुटुंब मूळचे गोव्याचे. लंडनमध्ये शिक्षण घेऊन त्यांनी ऑपेरा व गीत या दोन्ही क्षेत्रांत नाव मिळविले आणि २००९ पासून भारतातील तरुण गायकांसाठी प्रशिक्षणाचा उपक्रम चालविला. पूर्णवेळ ऑपेरा-संस्था उभारण्यास लागणारे द्रव्य आणि मनुष्यबळ येथे सहजी उपलब्ध होणारे नाही. एक शिक्षक, एक पियानो आणि एक कविता मात्र कोणत्याही महाविद्यालयाच्या सभागृहात एकत्र आणता येते. व्हिएन्नातही आरंभ एवढ्याच सामग्रीवर झाला होता.